घरच्याला दार, शेजाऱ्याला कडी

एका राज्यातील द्राक्षबागाईतदाराने आपल्या बागेतील द्राक्षांचे मद्य दुसऱ्या राज्यातील सज्ञान ग्राहकाच्या घरी थेट पाठवावे की पाठवू नये, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. मद्याच्या बाटलीसाठी वर्तमानपत्राने अग्रलेखाची जागा खर्ची घालावी काय, असेही एखादा वाचक विचारील. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत याच प्रश्नाने तेथील सर्वोच्च न्यायालयाची पायरी पुनःपुन्हा चढली आहे. वाद वरवर बाटलीचा असला तरी आतून तो संघराज्याचा आहे. घटक राज्याचा अधिकार कोठे संपतो आणि एका राष्ट्राच्या नागरिकाचा हक्क कोठे सुरू होतो, हा त्यातील खरा पेच होय. काजूच्या बोंडूतून उपजीविका काढणाऱ्या आमच्या गोव्याला तो परका वाटण्याचे कारण नाही.

अमेरिकेने १९२० साली राष्ट्रव्यापी दारूबंदी अमलात आणली. चोरट्या धंद्याचा आणि गुन्हेगारी टोळ्यांचा कटू अनुभव घेतल्यावर ५ डिसेंबर १९३३ रोजी एकविसाव्या घटनादुरुस्तीने ती उठवली गेली. मात्र त्याच दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमाने, एखाद्या राज्याच्या कायद्याचा भंग करून त्या राज्यात मद्य आणण्यास मनाई केली. दारूबंदी राष्ट्राने उठवली, पण मद्याची किल्ली राज्यांच्या हाती दिली, असा याचा अर्थ. मग बहुतेक राज्यांनी त्रिस्तरीय व्यवस्था उभारली. उत्पादकाने घाऊक व्यापाऱ्याला विकावे, घाऊक व्यापाऱ्याने किरकोळ दुकानदाराला आणि दुकानदाराने ग्राहकाला. दारूबंदीपूर्वी बिअरच्या कंपन्याच गुत्त्यांच्या मालक वा पोशिंद्या असत आणि खप वाढवण्यासाठी वाटेल ते करीत. तो अनुभव ताजा होता. तेव्हा ही व्यवस्था निव्वळ स्वार्थातून जन्मली, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

आरंभी न्यायालयानेही राज्यांना मोकळे रान दिले. बाहेरून बिअर आणणाऱ्यांकडून कॅलिफोर्नियाने घेतलेले स्वतंत्र परवानाशुल्क १९३६ साली न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी वैध ठरवले. ज्या राज्याला संपूर्ण बंदी घालता येते त्याला शुल्क का घेता येऊ नये, असा त्यामागील युक्तिवाद होता. पण मोठ्या अधिकारात लहान अधिकार आपोआप सामावतो, हे तर्कशास्त्र दिसते तितके निर्दोष नाही. बंदी सर्वांना सारखी लागू पडते. भेदभाव मात्र आपल्या माणसाला वगळून परक्याला तेवढा लागतो.

हा फरक प्रथम ठसठशीतपणे उमटला तो हवाई बेटांच्या खटल्यात. तेथे मद्याच्या घाऊक विक्रीवर वीस टक्के कर होता. परंतु टी नावाच्या स्थानिक झुडुपाच्या मुळापासून गाळलेले ओकोलेहाओ आणि अननसाचे मद्य यांना त्या राज्याने करमाफी दिली होती. आमचा उद्योग लहान आहे, त्याला आधार हवा, असे हवाईचे म्हणणे. ते ऐकून फेणी गाळणाऱ्या कोणाही गोवेकराचे मन कळवळेल. तथापि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ही माफी घटनाबाह्य ठरवली. एकविसावी दुरुस्ती मद्याच्या दुष्परिणामांना आळा घालण्यासाठी आहे, स्थानिक व्यापाऱ्याला स्पर्धेपासून वाचवण्यासाठी नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

पुढील वादळ उठले ते थेट विक्रीवरून. वाइन तयार करणाऱ्या लहान उत्पादकांची संख्या तेथे झपाट्याने वाढली आणि तीन हजारांपलीकडे गेली. उलट १९८४ ते २००२ या काळात परवानाधारक घाऊक व्यापारी सोळाशेंवरून सहाशेंवर आले. वर्षाला काही शे पेट्या भरणाऱ्या बागाईतदाराचा माल हाताळण्यात बड्या घाऊक व्यापाऱ्याला रस असणार कसा? बाग पाहायला आलेला दूरच्या राज्यातील पाहुणा म्हणे, ‘पेटीभर घरी पाठवा.’ त्यावर बागाईतदाराला उत्तर द्यावे लागे, ‘तुमच्या राज्याचा कायदा आड येतो.’ मिशिगन राज्यात तर स्थानिक चाळीसेक उत्पादकांना अवघ्या पंचवीस डॉलरपासून मिळणाऱ्या परवान्यावर ग्राहकाच्या घरी माल धाडता येत होता, पण परराज्यातील उत्पादकाला ती वाट बंद. न्यूयॉर्कने दार किलकिले ठेवले होते, परंतु परक्याने आधी राज्यात शाखा, कचेरी किंवा कोठार उघडावे, अशी अट घातली होती. पन्नास राज्यांत पन्नास कचेऱ्या थाटणारा ‘लहान’ उत्पादक आम्ही तरी कल्पनेत आणू शकत नाही.

१६ मे २००५ रोजी ‘ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड’ या खटल्यात न्यायमूर्ती केनेडी यांनी बहुमताचा निकाल दिला आणि पाच विरुद्ध चार मतांनी दोन्ही राज्यांचे कायदे रद्द झाले. अल्पमतही हलके नव्हते. दुरुस्तीची भाषा स्पष्ट आहे, तिने राज्यांना दिलेला अधिकार न्यायालयाने का हिरावावा, असा न्यायमूर्ती टॉमस यांचा सवाल होता. ज्या पिढीने दारूबंदी आणली आणि उठवली, तिच्या लेखी मद्य ही इतर मालासारखी वस्तू नव्हती, याचे स्मरण न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी करून दिले. आम्हाला या अल्पमताविषयी आदर आहे. परंतु स्थानिक बाटली घरपोच गेली तर समाज बिघडत नाही आणि शेजारच्या राज्यातील बाटली गेली की बिघडतो, हे नीतिशास्त्र कोणाच्या गळी उतरणार?

अल्पवयीन मुलांच्या हाती मद्य पडेल, ही राज्यांची मुख्य सबब होती. तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने २००३ साली या विषयाची पाहणी केली, तेव्हा थेट विक्रीस मोकळीक देणाऱ्या सव्वीस राज्यांनी अल्पवयीनांबाबत अडचण आल्याचे सांगितले नाही. घरपोच माल देताना सज्ञान व्यक्तीची सही घेणे, उत्पादकाला परवाना सक्तीचा करणे, ग्राहकाच्या राज्याचा कर त्या राज्यात भरायला लावणे, अशा उपायांनी राज्याचे हित राखता येते, असे न्यायालयाने दाखवून दिले. या निकालाने राज्यांवर दार उघडण्याची सक्ती केली नाही, हे मात्र आवर्जून सांगितले पाहिजे. दार सर्वांना उघडा किंवा सर्वांना बंद करा, एवढेच त्याने बजावले. आज चाळीसहून अधिक राज्यांनी उत्पादकांना या ना त्या स्वरूपात थेट विक्रीची मुभा दिली आहे. युटासारख्या राज्याने ती नाकारली आहे आणि तोही त्याचा अधिकारच आहे.

स्वार्थ मात्र सहजासहजी हार मानीत नाही. वेष पालटून तो पुन्हा दारात उभा राहतो. मॅसॅच्युसेट्स राज्याने वर्षाला तीस हजार गॅलनांहून अधिक वाइन काढणाऱ्यांवर थेट विक्रीची जाचक बंधने घातली. नियमात परराज्याचा उल्लेख नव्हता. योगायोग इतकाच, की त्या राज्यातील एकही उत्पादक तीस हजारांच्या वर नव्हता! अपील न्यायालयाने २०१० साली हा मुखवटा उतरवला. टेनेसी राज्यात मद्याच्या दुकानाचा परवाना हवा तर अर्जदाराने दोन वर्षे तेथे वास्तव्य केलेले असावे, असा नियम होता. तो २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. परराज्यातील किरकोळ दुकानदाराला थेट माल पाठवता यावा की नाही, यावर तेथील खालची न्यायालये अजून एकमताने बोलत नाहीत. तरीही वाटचालीची दिशा स्पष्ट आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आमच्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीने मादक पेयांचे उत्पादन, ताबा, वाहतूक, खरेदी व विक्री हे विषय राज्यांना दिले. त्यांवरील अबकारी करही राज्यांचाच. अनुच्छेद ४७ तर दारूबंदीचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य मानतो. दुसरीकडे अनुच्छेद ३०१ भारतभर व्यापार मुक्त असल्याचे घोषित करतो आणि अनुच्छेद ३०४ परराज्यातील मालावर भेदभावाचा कर लादू देत नाही. मद्याचा धंदा हा नागरिकाचा मूलभूत हक्क नव्हे, असे आमच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात सांगितले. पण त्याच निकालात असेही म्हटले, की राज्याने एकदा हा धंदा चालू दिला की पात्र नागरिकांमध्ये त्याला भेदभाव करता येणार नाही. पहिले वाक्य सर्वांच्या तोंडी आहे, दुसऱ्याचा मात्र सोयिस्कर विसर पडलेला दिसतो. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि ‘एक देश, एक कर’ अशी द्वाही फिरली. मानवी सेवनाचे मद्य तेवढे त्या कक्षेबाहेर राहिले. कारण उघड आहे. तिजोरीतला हा झरा सोडायला कोणतेही राज्य राजी नाही.

याची झळ कोणाला बसते? मोठ्या कंपनीला नव्हे. ती राज्याराज्यांत कारखाने काढते, प्रत्येक ठिकाणचे परवाने मिळवते. झळ बसते ती डोंगरउतारावरच्या काजूबागेत भाटी लावणाऱ्याला. बोंडू मळून नीरो काढायचा, त्याचा हुर्राक करायचा आणि पुन्हा गाळून फेणी उतरवायची, हा दोन-तीन महिन्यांच्या हंगामाचा जीवघेणा उद्योग. काजूफेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. २०१६ साली गोवा शासनाने कायद्यात दुरुस्ती करून तिला ‘देशी दारू’च्या वर्गातून बाहेर काढले आणि वारशाचे पेय म्हणून गौरवले. गौरव झाला, पण वेस ओलांडण्याची वाट काही सुकर झाली नाही. पुण्याहून आलेल्या सद्गृहस्थाने चार घोट चाखले, भाटीवाल्याची पाठ थोपटली आणि दोन बाटल्या घरी न्यायच्या म्हटल्या, तर परवान्यावाचून तो इन्सुलीच्या नाक्यावर अपराधी ठरतो. व्हर्जिनियातील वा कॅलिफोर्नियातील बागाईतदार ज्या कारणासाठी न्यायालयात गेला, ते याहून वेगळे नव्हते.

यात केवळ शेजाऱ्यांना दोष देणे अप्रामाणिकपणाचे होईल. महाराष्ट्राने २००१ च्या धोरणाने आपल्या द्राक्षांपासून आपल्याच राज्यात होणाऱ्या वाइनला अबकारी सवलत दिली आणि नाशिकचा उद्योग वाढीस लागला. शेतकऱ्याच्या कल्याणाचा तो विचार होता हे खरे, पण त्याची जातकुळी हवाईच्या करमाफीची. आणि आम्ही? बाहेरचे मद्य गोव्यात आणायचे तर येथेही परवाना लागतो, शुल्क भरावे लागते. आपल्या फेणीला पुण्या-बेळगावात मानाचे पान हवे आणि नाशिकच्या लहान उत्पादकाने मात्र पत्रादेवीच्या नाक्यावर ताटकळत राहावे, ही दुटप्पी नीती आम्हाला शोभत नाही. ज्या पत्रादेवीच्या वेशीवर १९५५ साली देशाच्या कानाकोपऱ्यांतील सत्याग्रही गोळ्यांना सामोरे गेले, तिची आठवण मद्याच्या संदर्भात काढणे आम्हालाही रुचत नाही. पण ती वेस पुसण्यामागे भारत एक आहे ही श्रद्धा होती आणि ती श्रद्धा व्यवहारातही उतरली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे.

आम्ही मद्याची भलामण करीत नाही. दारूने उद्ध्वस्त झालेले संसार गोव्यातल्या गावोगाव आहेत आणि विषारी दारूचे बळी हा देशाला लागलेला कलंक आहे. गुजरात वा बिहारसारख्या राज्याने संपूर्ण दारूबंदी पत्करली असेल, तर तिचा मान राखलाच पाहिजे. तेथे एकही बाटली जाता कामा नये. परंतु जे राज्य स्वतः दुकानांचे परवाने देते, त्या महसुलावर अंदाजपत्रक उभे करते आणि शेजाऱ्याच्या मालापुरते तेवढे नीतीचे नाव घेते, त्याचे सोवळे कोणाला पटणार?

म्हणून गोवा शासनाने महाराष्ट्र व कर्नाटक यांच्याशी बोलणी करून परस्पर व्यवस्थेचा आराखडा मांडावा, अशी आमची सूचना आहे. भौगोलिक निर्देशांक लाभलेली फेणी आणि लहान उत्पादकांची वाइन, एवढ्यापुरतीच ती आरंभी मर्यादित असावी. उत्पादक परवानाधारक असावा, माल प्रयोगशाळेत तपासून मोहोरबंद केलेला असावा, प्रत्येक ग्राहकामागे वार्षिक मर्यादा असावी, कर ग्राहकाच्या राज्याला मिळावा आणि वयाचा पुरावा पाहिल्यावाचून बाटली कोणाच्या हाती पडू नये. यातून चोरट्या वाहतुकीला बळ मिळेल, ही भीती आम्हाला अनाठायी वाटते. राजमार्ग बंद असला की आडवाटा फुटतात, हे अमेरिकेने तेरा वर्षांत अनुभवले आणि आमच्या सीमेवरचे नाके आजही अनुभवत आहेत.

आधी शेजाऱ्याने दार उघडावे, मग आम्ही पाहू, अशी भूमिका घेतल्यास हा प्रश्न आणखी पन्नास वर्षे आहे तेथेच राहील. गोवा लहान राज्य आहे. लहान उत्पादकाचे दुःख त्याला इतरांहून अधिक कळावयास हवे. पहिली कडी आपण काढावी आणि मग शेजाऱ्याच्या दारावर हक्काने थाप मारावी, यातच शहाणपण आहे.