नागपूरहून मुंबईला स्वतः विमान 'उडवायचंय'? मग सिम्युलेटरचा फ्लाइट प्लॅन कसा भरायचा ते समजून घ्या

१९४९ साली भारतात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून टपालाच्या पिशव्या भरलेली विमानं रात्री निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास एकाच ठिकाणी जमायची. ते ठिकाण म्हणजे नागपूर. सोनेगावच्या विमानतळावर पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि सकाळपर्यंत विमानं आपापल्या शहरात परत.

आता विचार करा. चार दिशांनी चार विमानं अंधारात एकाच विमानतळाकडे येतायत. कोण किती वाजता निघालं, किती उंचीवर आहे, कोणत्या वाटेनं येतंय, टाकीत इंधन किती, हे खाली बसलेल्या माणसाला आधीच माहीत नसेल तर काय होईल?

ही सगळी माहिती उड्डाणाआधीच ज्या फॉर्मवर लिहून द्यावी लागते, त्याला म्हणतात फ्लाइट प्लॅन.

टपालाची ती विमानं इतिहासजमा झाली, पण देशाच्या मधोमध असल्यानं नागपूरच्या आकाशातली गर्दी काही कमी झाली नाही. दिल्लीहून दक्षिणेत जाणारी आणि मुंबईहून कोलकात्याला जाणारी विमानं याच भागातून जातात. त्यामुळे कॉम्प्युटरवर विमान उडवायला शिकणाऱ्यासाठीही नागपूर झकास आहे. इथून कोणत्याही दिशेला गेलात तरी मोठं शहर सापडतंच.

पण गेममध्ये फॉर्म कशाला भरायचा?

घरात एकटेच उडवत असाल तर नाही भरला तरी चालतं. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर किंवा एक्स-प्लेन सुरू करा, विमान निवडा आणि उडा. तिथला कंट्रोलर म्हणजे कॉम्प्युटरच. तो तुमच्यावर चिडत नाही.

खरी गंमत सुरू होते ती ऑनलाइन गेल्यावर. आयव्हाओ हे नेटवर्क १९९८ पासून आणि व्हॅटसिम २००१ पासून चालू आहे. दोन्ही फुकट आहेत. इथं विमान उडवणारीही माणसं आणि कंट्रोल टॉवरमध्ये बसणारीही माणसंच. हे कंट्रोलर स्वयंसेवक असतात. कोणी विद्यार्थी, कोणी नोकरदार. दिवसभराचं काम उरकून हेडफोन लावून बसलेले. एका वेळी दहा-दहा विमानं सांभाळत असतात. तुम्ही अर्धवट फॉर्म भरून आलात की तुमच्यामुळे बाकीची नऊ विमानं खोळंबतात.

आणि दुसरी गोष्ट. पायलट होण्याचं खरं प्रशिक्षण घ्यायचं तर लाखो रुपये लागतात. ते प्रत्येक घराला झेपत नाही. पण जगभरात वापरला जातो त्याच पद्धतीचा फ्लाइट प्लॅन भरायला मात्र एक रुपयाही लागत नाही. इथं शिकलेलं पुढं खऱ्या विमानात बसलात तरी तसंच लागू पडतं.

तर चला, एक उड्डाण धरू. नागपूर ते मुंबई, विमान एअरबस ए-३२०, निघायची वेळ रात्री साडेआठ. एक सूचना आधीच. आपण इथं सगळे कोड देवनागरीत लिहिलेत, फॉर्ममध्ये मात्र ते इंग्रजी कॅपिटल अक्षरांत आणि मध्ये डॅश न देता टाकायचे.

१. विमानाची ओळख

तिकिटावर इंडिगोचा कोड 'सिक्स-ई' असतो. तो इथं चालत नाही. फ्लाइट प्लॅनमध्ये कंपनीचा तीन अक्षरी कोड लागतो. इंडिगोचा आय-जी-ओ, एअर इंडियाचा ए-आय-सी. त्यापुढं नंबर. समजा आय-जी-ओ-१२३. रेडिओवर मात्र कंट्रोलर तुम्हाला 'आयफ्लाय वन टू थ्री' म्हणेल, कारण इंडिगोचं बोलायचं नाव 'आयफ्लाय' आहे. हे माहीत नसेल तर तो हाका मारत राहतो आणि आपण गप्प बसून राहतो.

छोटं खासगी विमान असेल तर त्याचा नोंदणी क्रमांकच ओळख म्हणून लिहायचा. भारतीय विमानांचा क्रमांक व्ही-टी पासून सुरू होतो.

२. नियम कोणते?

इथं एकच अक्षर लिहायचं. 'आय' म्हणजे उपकरणांच्या भरवशावर उड्डाण. 'व्ही' म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघून उड्डाण. आपलं प्रवासी विमान आहे आणि उंचावरून जायचंय, म्हणून 'आय'. पुढं उड्डाणाचा प्रकार विचारला तर नियमित प्रवासी फेरीसाठी 'एस' आणि हौशी खासगी उड्डाणासाठी 'जी'.

३. विमान कोणतं आणि किती जड?

'एअरबस' असं लिहून भागत नाही. प्रत्येक मॉडेलचा ठरलेला कोड आहे. साधं ए-३२० असेल तर तोच कोड, पण ए-३२० निओ असेल तर ए-२०-एन. सेसना १७२ साठी सी-१७२.

त्यानंतर वजनाचा गट. ७,००० किलोपर्यंत 'एल', त्यापुढं १,३६,००० किलोच्या आत 'एम', आणि त्याहून जड असेल तर 'एच'. ए-३८० साठी वेगळं 'जे'. आपलं ए-३२० 'एम' मध्ये येतं.

वजन कशाला विचारतात? मोठी बोट गेली की मागं पाणी ढवळून निघतं ना, तसं जड विमान गेलं की मागची हवा भोवऱ्यासारखी फिरत राहते. त्यात छोटं विमान सापडलं तर उलटू शकतं. म्हणून कोणाच्या मागं किती अंतर सोडायचं हे कंट्रोलर या एका अक्षरावरून ठरवतो.

४. उपकरणं

हा रकाना बघून बरेच जण घाबरतात, कारण अक्षरांची रांगच्या रांग असते. तत्त्व मात्र सोपं आहे. विमानात जे आहे तेच लिहा. 'एस' म्हणजे नेहमीचा रेडिओ आणि दिशादर्शक साधनं, 'जी' म्हणजे उपग्रहावर चालणारं नेव्हिगेशन. 'डब्ल्यू' म्हणजे २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात फक्त हजार फुटांचं अंतर राखून उडायला पात्र असलेलं विमान. सेसनासाठी 'डब्ल्यू' लिहिणं म्हणजे सायकलला पाचवा गिअर आहे असं सांगण्यासारखं.

५. निघायचं ठिकाण आणि वेळ

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो.

बॅगेच्या टॅगवर नागपूरचा कोड एन-ए-जी असतो. फ्लाइट प्लॅनमध्ये मात्र चार अक्षरी कोड लागतो, व्ही-ए-एन-पी. यातलं 'व्ही' आपल्या दक्षिण आशियाई भागाचं आणि 'ए' पश्चिम भारताचं. म्हणून मुंबई व्ही-ए-बी-बी आणि पुणे व्ही-ए-पी-ओ. दिल्लीचा व्ही-आय-डी-पी, कोलकात्याचा व्ही-ई-सी-सी.

आता वेळ. घड्याळात साडेआठ वाजले म्हणून २०३० लिहायचं नाही. विमानवाहतुकीत सगळं जग एकच वेळ पाळतं, यूटीसी. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करा. रात्रीचे साडेआठ म्हणजे १५००. आणि पहाटे तीनला निघणार असाल तर जास्त सांभाळा. तेव्हा यूटीसीमध्ये रात्रीचे २१३० झालेले असतात आणि तारीख आदल्या दिवसाची असते.

ही वेळ जमीन सोडण्याची नाही, विमान पार्किंगमधून हलण्याची आहे, हेही लक्षात ठेवा.

६. वेग, उंची आणि वाट

वेग लिहायचा तो हवेतला खरा वेग. एन-०४५० म्हणजे ताशी ४५० नॉट. कॉकपिटच्या पडद्यावर तेव्हा त्यापेक्षा बराच कमी आकडा दिसतो, कारण उंचावरची हवा विरळ असते. तो बघून फॉर्म भरला की वेळेचं सगळं गणित चुकतं.

उंचीसाठी एफ-३४० म्हणजे ३४,००० फूट. पण ३४ च का, ३५ का नाही?

नियम असा की पूर्वेकडच्या अर्ध्या वर्तुळात, म्हणजे ० ते १७९ अंशांत जाणाऱ्यांनी विषम हजार घ्यायचे. पश्चिमेकडच्या अर्ध्यात, म्हणजे १८० ते ३५९ अंशांत जाणाऱ्यांनी सम. मुंबई नागपूरच्या पश्चिमेला, म्हणून ३४. कोलकाता पूर्वेला, म्हणून ३५. दिल्ली उत्तरेला वाटते, पण ती नागपूरपासून किंचित पश्चिमेला आहे, म्हणून सम. दक्षिणेतही तसंच. सरळ रेषेत बघितलं तर चेन्नईला विषम आणि बंगळुरूला सम. समोरासमोर येणारी विमानं एकाच उंचीवर भेटू नयेत यासाठी हा सगळा खटाटोप.

हे नुसतं कागदी नाही. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदीचं आणि कझाकस्तानचं विमान एकमेकांवर आदळलं. एकाला १४,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं, दुसऱ्याला १५,००० वर. वरचं विमान दिलेली उंची सोडून खाली आलं. ३४९ माणसं गेली. मधलं हजार फुटांचं अंतर किती मोलाचं असतं, हे त्या दिवशी सगळ्या जगाला कळलं.

राहिली वाट. आकाशातल्या रस्त्यांना आणि त्यावरच्या ठिकाणांना नावं असतात, ती क्रमानं लिहायची. सगळी पाठ करायची गरज नाही. सिमब्रीफ या वेबसाइटवर फुकट खातं काढा आणि दोन विमानतळ टाका. ती वाट, इंधन आणि वेळ काढून देते, तिथूनच प्लॅन नेटवर्कवर पाठवताही येतो. पण एक काळजी घ्या. जी वाट पाठवली तीच विमानाच्या कॉम्प्युटरमध्ये भरा. कागदावर एक आणि विमानात दुसरी असेल तर कंट्रोलरच्या पडद्यावर तुम्ही भरकटलेले दिसता.

७. पोहोचायचं कुठं, किती वेळात, आणि नाहीच उतरता आलं तर?

पोहोचायचं ठिकाण व्ही-ए-बी-बी. सरळ रेषेत अंतर सुमारे ६८० किलोमीटर, म्हणजे साधारण ३७० नॉटिकल मैल. चढणं-उतरणं धरून तासाभराहून थोडं जास्त. ते ०१०५ असं लिहायचं, म्हणजे १ तास ५ मिनिटं. '६५' लिहिलंत तर चुकलं.

मग पर्यायी विमानतळ. जुलैत मुंबईत पाऊस कोसळतोय आणि धावपट्टी दिसत नाही, तर कुठं जाणार? अहमदाबाद म्हणा, व्ही-ए-ए-एच. खऱ्या आयुष्यात नागपूर स्वतःच अनेकांसाठी असा पर्याय ठरतं. वाटेत प्रवाशाची तब्येत बिघडली की विमान नागपूरला उतरवल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच.

८. इंधन किती वेळाचं?

इथं लिटर किंवा किलो विचारत नाहीत, तास-मिनिटं विचारतात. हिशोब असा. मुंबईपर्यंतचं इंधन, त्यावर वाटेतल्या अडचणींसाठी थोडं, मग मुंबईहून अहमदाबादला जाण्याचं, आणि जेट विमानाला शेवटची ३० मिनिटं राखीव. आपल्या उड्डाणाला ०३०० म्हणजे तीन तासांचं इंधन ठीक आहे. हा आकडा प्रवासाच्या वेळेपेक्षा कमी दिसला, तर कंट्रोलर पहिला प्रश्न तोच विचारणार.

खऱ्या विमानाच्या बाबतीत हे दोन आकडे जिवाशी गाठ घालतात. विमान अपेक्षित वेळेनंतर अर्ध्या तासातही पोहोचलं नाही आणि संपर्कही नाही, तर शोधमोहिमेची पहिली पायरी सुरू होते. विमान कुठं असू शकेल आणि अजून किती वेळ हवेत राहू शकेल, हे शोधणारे फ्लाइट प्लॅन बघूनच ठरवतात. सांगणारा तेव्हा समोर नसतो, बोलतो तो त्यानं भरलेला फॉर्म.

९. शेरा

नवीन आहात? मग शेऱ्यात तसं लिहा. लाजायचं कारण नाही. कंट्रोलर हळू बोलतो, एकेक सूचना देतो. माइक नसेल तर मजकूर लिहून बोलणार आहात हे निवडायची सोयही असते.

प्लॅन पाठवला, पुढं काय?

लगेच उडायचं नाही. प्लॅन पाठवणं म्हणजे अर्ज करणं, मंजुरी मिळणं नव्हे. कंट्रोलरकडे क्लिअरन्स मागा. तो वाट सांगेल, पहिली उंची देईल आणि चार आकडी स्क्वॉक कोड देईल. ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. त्या वेळी नागपूरला कोणीच कंट्रोलर बसलेला नसेल, तर व्हॅटसिमवर १२२.८ या सामायिक फ्रिक्वेन्सीवर आपण काय करतोय ते लिहून कळवत जायचं.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हा प्लॅन सिम्युलेटरच्या नेटवर्कवरच टाकायचा. खऱ्या उड्डाणांची यंत्रणा पूर्ण वेगळी आहे. भारतात बऱ्याच उड्डाणांना एअर डिफेन्स क्लिअरन्सही घ्यावा लागतो. तिथं गंमत म्हणून काही करायला जाऊ नका.

बाकी पहिला फॉर्म भरायला अर्धा तास लागेल, दहावा पाच मिनिटांत होईल. प्रत्येक रकान्यापाशी थांबून एवढंच विचारा, की उद्या माझा रेडिओ बंद पडला तर हे वाचून समोरच्याला मी कुठं आहे ते कळेल का? उत्तर 'हो' असेल, तर पाठवून द्या.