पहिला क्रमांक कोणाचा?

अमेरिकेत सर्वाधिक खपणारा पिकअप ट्रक कोणता, या प्रश्नाचे फोर्ड कंपनीकडे ठरलेले उत्तर आहे. १९७७ सालापासून दरवर्षी आपल्या 'एफ-सीरीज' ट्रकांनी पहिला क्रमांक राखला, असे ती सांगत आली आहे. आणि जाहिरातींतून हे इतक्या वेळा सांगितले गेले आहे की, हा केवळ एक दावा आहे याचाच लोकांना विसर पडावा. पिकअप म्हणजे पुढे चालकाची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली मालवाहू गाडी. आपल्याकडे ती बाजार समितीच्या आवारात दिसते. अमेरिकेत शेतकऱ्यापासून शहरातल्या नोकरदारापर्यंत अनेकांच्या दारात ती उभी असते आणि डेट्रॉईटच्या मोटार कंपन्यांचा नफा बऱ्याच अंशी तिच्यावरच अवलंबून असतो. १९६४ पासून आयात होणाऱ्या हलक्या ट्रकांवर तेथील सरकारने २५ टक्के शुल्क बसविल्यामुळे परदेशी स्पर्धा मर्यादित राहिली. लढत मुख्यतः तीन घरांतली: फोर्ड, जनरल मोटर्स आणि क्रायस्लर. तीन घरांचा हिशेब खरे तर सोपा असावयास हवा. तो तसा नाही.

२०१४ सालचे आकडे पाहावेत. फोर्डने एफ-सीरीजच्या ७,५३,८५१ गाड्या विकल्याचे जाहीर केले. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले 'सिल्व्हरॅडो'चा आकडा होता ५,२९,७५५. अंतर सव्वादोन लाखांचे, म्हणजे वादाला जागाच नाही. परंतु जनरल मोटर्स आणखी एक पिकअप विकते. तिचे नाव 'सिएरा' आणि छाप जीएमसीची. सांगाडा तोच, इंजिने बहुतांशी तीच, आणि इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे दोन्ही गाड्या एकाच कारखान्यातून बाहेर पडतात. फरक दर्शनी भागाचा, आतील सजावटीचा आणि किमतीचा. त्या वर्षी सिएराच्या २,११,८३३ गाड्या खपल्या. दोन्ही मिळून ७,४१,५८८ होतात. म्हणजे फोर्डची आघाडी एकदम अवघ्या बारा हजारांवर येते. पुढच्या वर्षी, २०१५ साली, तीही उरली नाही. एफ-सीरीज ७,८०,३५४, सिल्व्हरॅडो ६,००,५४४ आणि सिएरा २,२४,१३९, बेरीज ८,२४,६८३. त्याच वर्षी लहान आकाराच्या 'कोलोरॅडो' व 'कॅनियन' या भावंडांच्याही सुमारे १ लाख १४ हजार गाड्या गेल्या. त्या धरल्या तर जनरल मोटर्स फारच पुढे जाते. तरीही फोर्डची जाहिरात खोटी ठरली नाही. एफ-सीरीज हे एक नाव आहे, आणि त्या एका नावाखाली सर्वांत अधिक गाड्या खपल्या हे खरेच होते.

एकाच घाण्याचे तेल दोन रंगांच्या डब्यांत भरून विकणाऱ्या तेल्याला बाजारात दुसरा क्रमांक मिळावा, तसा हा प्रकार. मात्र त्याची जबाबदारी फोर्डवर टाकता येत नाही. दोन डब्यांचा मार्ग जनरल मोटर्सने स्वतः निवडला. १९२० च्या दशकात आल्फ्रेड स्लोन यांनी किमतीच्या चढत्या पायऱ्यांप्रमाणे वेगवेगळ्या छापांच्या गाड्या लावून प्रत्येक उत्पन्नगटातील ग्राहक आपल्याच घरात ठेवण्याचे धोरण आखले. त्या परंपरेत शेव्हरोलेचे विक्रेते वेगळे आणि जीएमसीचे वेगळे राहिले. ज्या युक्तीने दोन प्रकारचे ग्राहक मिळाले, तिनेच पहिला क्रमांक हिरावून घेतला. कंपनीला अर्थातच दोन्ही हवे असतात. म्हणून किंमत ठरविताना सिएरा ही निराळी, उच्च दर्जाची वस्तू असते आणि बेरीज करताना ती सिल्व्हरॅडोची सख्खी बहीण होते.

फोर्डच्या बाजूलाही मौज कमी नाही. 'एफ-सीरीज' या एका ओळीत घरगुती वापराची एफ-१५० येते, तशीच अवजड कामाची 'सुपर ड्यूटी' गाडीही येते; एफ-५५० पर्यंतचे ते सांगाडे घेऊन त्यांवर कोणी रुग्णवाहिका बांधतो, कोणी बंद पडलेल्या मोटारी ओढून नेणारा ट्रक. या साऱ्याला 'पिकअप' म्हणणे म्हणजे शब्द बराच ताणणे होय. २०२४ साली एफ-सीरीजचा एकूण खप ७ लाख ६५ हजारांच्या वर होता, तर टोयोटाच्या 'आरएव्ही-४' या प्रवासी गाडीचा सुमारे पावणेपाच लाख. तरीसुद्धा बाजाराचा अभ्यास करणाऱ्या 'जॅटो डायनॅमिक्स' या संस्थेने एफ-१५० तेवढी वेगळी काढून नोंदणीचे आकडे ताडले, तेव्हा टोयोटाची गाडी पुढे असल्याचे दिसले. वस्तू एक कोणती आणि दोन कोणत्या, हे ठरल्याशिवाय बेरीज सुरू होत नाही. एडवर्ड चेंबरलिन यांनी १९३३ साली वस्तुभेदावर आधारलेल्या स्पर्धेचे विवेचन केले, तेव्हापासून अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही अडचण परिचित आहे. जेथे प्रत्येक विक्रेता आपली वस्तू इतरांहून निराळी असल्याचे भासवतो, तेथे 'एका वस्तूचा बाजार' ही सीमारेषाच धूसर होते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हे लिहिणारा विद्यार्थी वर्तमानपत्रातील पहिल्या क्रमांकाच्या जाहिरातीपुढे मात्र ते विसरतो.

शिवाय खप म्हणजे मागणी नव्हे. २०१५ साली फोर्ड अॅल्युमिनियमच्या नव्या बांधणीची एफ-१५० बाजारात आणत होती आणि त्यासाठी कारखान्यांची फेरजुळणी झाल्याने गाड्याच पुरेशा निघत नव्हत्या. २०१९ साली क्रायस्लरच्या घराण्यातील 'रॅम'ने ६ लाख ३३ हजारांहून अधिक गाड्या विकून सिल्व्हरॅडोला (सुमारे पावणेसहा लाख) मागे टाकले, याचा मोठा गवगवा झाला. त्या वर्षी जनरल मोटर्समध्ये सुमारे ४८ हजार कामगारांचा ४० दिवसांचा संप झाला होता. रॅमने तर नव्या गाडीबरोबर जुन्या बांधणीची गाडीही 'क्लासिक' या नावाने स्वस्तात विकणे चालू ठेवले होते आणि मोजताना दोन्ही एकत्र धरल्या होत्या. सरकारी खाती, ठेकेदार आणि भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्या यांची घाऊक खरेदी हा आणखी एक वेगळा विषय.

याहून गंभीर प्रश्न 'विक्री' या शब्दाचा आहे. अमेरिकेत कंपन्या जो आकडा जाहीर करतात तो विक्रेत्याने ग्राहकाच्या हाती दिलेल्या गाड्यांचा मानला जातो. पण कंपनीच्या हिशेबवहीत उत्पन्न जमा होते ते गाडी विक्रेत्याकडे रवाना झाली तेव्हा. म्हणजे दरमहा वर्तमानपत्रात छापून येणारा आकडा लेखापरीक्षकाच्या नजरेखालून गेलेला नसतो. तो विक्रेत्याने कळवायचा आणि कंपनीने सांगायचा. या मोकळ्या जागेत काय घडू शकते हे फियाट क्रायस्लरच्या प्रकरणात दिसले. लागोपाठ ७५ महिने विक्री आधीच्या वर्षाच्या त्याच महिन्याहून अधिक झाली, असे ही कंपनी अभिमानाने सांगत असे. जुलै २०१६ मध्ये तिने जुने आकडे दुरुस्त केले तेव्हा ही मालिका सप्टेंबर २०१३ मध्येच तुटली होती, असे निघाले. तेथील रोखे व विनिमय आयोगाच्या आदेशानुसार २०१२ ते २०१६ या काळात न झालेल्या विक्रीची नोंद करण्यासाठी विक्रेत्यांना पैसे दिले जात. उलट, चांगल्या महिन्यात झालेली खरी विक्री न कळवता राखून ठेवायची आणि मंदीच्या महिन्यात बाहेर काढायची, अशीही सोय होती. या शिलकी साठ्याला कर्मचारी 'बिस्किटांचा डबा' म्हणत. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीने आरोप मान्य वा अमान्य न करता ४ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटविले. या आकड्यांवर भरवसा ठेवून ज्यांनी तिचे शेअर घेतले, ते मालिका तुटल्यावरही जवळजवळ तीन वर्षे ती चालू असल्याचेच वाचत राहिले.

एप्रिल २०१८ मध्ये जनरल मोटर्सने मासिक आकडे देणे थांबवून ते तीन महिन्यांनी देण्याचे ठरविले. तीस दिवसांच्या चढउतारावरून खरा कल कळत नाही, असे कारण तिने दिले आणि ते चुकीचे नाही. महिन्यात विक्रीचे दिवस किती आले एवढ्यानेही टक्केवारी बदलते. पण आकडा उशिरा मिळाल्याने तो अधिक खरा होतो असे नव्हे. फोर्ड आणि फियाट क्रायस्लर यांनी २०१९ मध्ये तोच मार्ग धरला. फोर्डने पुढे मासिक आकडे पुन्हा द्यावयास सुरुवात केली.

भारतातील पद्धत याच्या नेमकी उलट आहे. 'सियाम' ही उत्पादकांची संघटना देशांतर्गत विक्री म्हणून जे आकडे देते, ते कारखान्यातून विक्रेत्यांकडे पाठविलेल्या गाड्यांचे असतात. पिकअपच्या बाबतीत तर तुलनेचे मापही एक नाही. २००५ साली टाटांनी आणलेली 'एस', म्हणजे लोकांच्या तोंडचा 'छोटा हत्ती', आणि महिंद्रची बोलेरो पिकअप महाराष्ट्रातल्या कोणत्याही बाजारपेठेत शेजारी शेजारी उभ्या दिसतात. कागदावर मात्र त्या सहजी भेटत नाहीत. महिंद्रच्या मासिक पत्रकात दोन टनांखालील आणि दोन ते साडेतीन टनांची वाहने असे निरनिराळे रकाने, तर टाटांच्या पत्रकात 'छोटी मालवाहू वाहने व पिकअप' असा एकच रकाना, अशी २०२३ सालची मांडणी होती. दोन्ही पत्रके समोर ठेवून पिकअपपुरती तुलना करू पाहणारा कारकून दुपारभर बसला तरी त्याची बेरीज जुळणार नाही.

विक्रेत्यांची 'फाडा' ही संघटना परिवहन खात्याच्या 'वाहन' प्रणालीतील नोंदणीवरून आकडे देऊ लागल्यापासून दुसरी बाजू दिसू लागली. त्यातही उणीव होतीच. तेलंगण राज्य दीर्घकाळ त्या प्रणालीबाहेर राहिले. तथापि पाठविलेल्या गाड्या आणि नोंदलेल्या गाड्या यांतील अंतर त्यामुळे मोजता येऊ लागले. २०२४ च्या सप्टेंबरअखेर प्रवासी मोटारींचा ८० ते ८५ दिवस पुरेल एवढा साठा विक्रेत्यांच्या आवारात पडून असल्याचे या संघटनेने सांगितले. गाड्या सुमारे ७ लाख ९० हजार, किंमत ७९ हजार कोटी रुपये. कंपन्यांच्या पत्रकांत या साऱ्या गाड्या केव्हाच विकल्या गेल्या होत्या. विक्रेत्याने त्या बँकेच्या कर्जावर घेतलेल्या असतात आणि गिऱ्हाईक येईपर्यंत त्या कर्जाचे व्याज दररोज चढत असते.