बंब पोचत नाही तिथे

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत वणवा लागला की बंब पायथ्याशीच थांबतो. कड्यावर गाडी जाणार कशी? मग वनरक्षक आणि गावातली पोरं हिरव्या फांद्या तोडून आगीवर तुटून पडतात. फांदी मात्र जोरात आपटायची नाही, ठिणग्या उडतात, दाबून ओढायची. आणि आगीच्या वरच्या अंगाला उभं राहायचं नाही, चढावर ती माणसापेक्षा जोरात पळते!

खरं काम आधीच झालेलं असतं. हिवाळा सरताना गवताचे पट्टे मुद्दाम जाळून जाळरेषा काढतात, म्हणजे वणव्याला पुढे खायला काही उरत नाही. तरी ‘जाळलं की गवत जोमदार येतं’ म्हणत डोंगर पेटवणारे अजून भेटतात. जमिनीवरची घरटी, कोवळी रोपं त्यांच्या हिशेबात नसतात.

धूर दिसला तर वन विभागाचा नंबर १९२६.