प्रश्न अर्धवट सोडून दुसऱ्या खिडकीत गेलात तर?

पेमेंट करताना ओटीपी मागितला की आपण मेसेज ॲपमध्ये जातो, आकडे बघतो आणि परत येतो. पण तेवढ्यात ते पानच रिफ्रेश झालं तर? पैसे गेले की नाही, कळतच नाही. कोड लिहायच्या एडिटरमध्येही हाच घोळ होतो.

माझी पहिली नोकरी वागळे इस्टेटमध्ये होती. एका रात्री सर्व्हरवरची चालू सेटिंगची फाइल मी इमॅक्समध्ये उघडली, चाचणीसाठी बदल केले. ते नव्या नावाने सेव्ह करायचे म्हणून कंट्रोल-एक्स कंट्रोल-डब्ल्यू दाबलं. खाली नाव विचारणारी ओळ आली. तिला मिनिबफर म्हणतात. नावात कोणती तारीख टाकायची ते आठवेना, म्हणून कंट्रोल-एक्स ओ दाबून दुसऱ्या खिडकीत गेलो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. कारण मिनिबफर हीसुद्धा एक खिडकीच आहे. तुम्ही बाहेर गेलात तरी तिचा प्रश्न तसाच थांबून राहतो.

चूक पुढे झाली. तिथून मी आणखी एक फाइल उघडायला गेलो, म्हणजे पहिला प्रश्न बाकी असताना दुसरा विचारायला लावला. इमॅक्सला हे मुळात चालत नाही. त्याने एक एरर दाखवली आणि पहिला प्रश्न रद्द केला. मी एरर वाचलीच नाही. परत येऊन सवयीने कंट्रोल-एक्स कंट्रोल-एस दाबलं आणि चालू फाइलवरच चाचणीचे बदल बसले!

वाचवलं ते '~' या चिन्हाने. उघडलेली फाइल पहिल्यांदा सेव्ह करताना इमॅक्स जुनी प्रत नावापुढे '~' लावून ठेवतो. तीच परत आणली.

आता तुम्ही काय करायचं?

• दुसऱ्या खिडकीत फक्त बघा, मजकूर कॉपी करा, कंट्रोल-एक्स ओ दाबत परत या आणि कंट्रोल-वाय ने पेस्ट करा.
• प्रश्न सोडायचा असेल तर मिनिबफरमध्ये कंट्रोल-जी दाबा. बाहेरच्या खिडकीत असाल तर कंट्रोल आणि ] दाबा.
• विममध्ये मात्र जपून! तिथे खिडकी बदलायला कंट्रोल-डब्ल्यू वापरतात, पण ':' च्या ओळीवर तीच कळ मागचा शब्द पुसते.

लॅपटॉप नाही? अँड्रॉइडवर टर्मक्समध्ये इमॅक्स चालतो. तिथे आवाज कमी करायचं बटण कंट्रोलचं काम करतं. करून बघा, पण आधी रिकाम्या फाइलवर!