दारातल्या वेळेची नोंद : बटवडा आणि हातातलं यंत्र

आज आपण रोज डोळ्यांसमोर घडणाऱ्या एका गोष्टीबद्दल बोलणार आहोत. पोस्टमन किंवा कुरिअरवाला दारात येतो, पाकिटावरच्या काळ्या रेघांवर यंत्र धरतो, ‘टुक्’ असा आवाज होतो आणि तो पुढे निघतो. त्या एका क्षणात नेमकं काय लिहिलं जातं?

येडशीत बसून बोलतोय, तर इथलंच उदाहरण घेऊ. सोलापूर-धुळे महामार्ग आपल्याकडून जातो, रेल्वे स्टेशनही आहे. पाकीट पुण्याहून इथवर यायला फारसा त्रास नाही. खरा प्रश्न शेवटच्या दोन-तीन किलोमीटरचा असतो. घर शेतात, वस्ती लांब, आणि मोबाइलला रेंज कधी आहे, कधी नाही.

आधी पाकिटाचा नंबर पाहू. स्पीड पोस्टचा नंबर १३ चिन्हांचा असतो : सुरुवातीला दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी ‘आयएन’ म्हणजे भारत. नऊपैकी शेवटचा आकडा पडताळणीचा. आधीच्या आठ आकड्यांना ठरलेल्या संख्यांनी गुणून, बेरीज करून तो काढतात. १२३४५६७८ या आकड्यांचा पडताळणी अंक ५ येतो. चुकून ६ आणि ७ ची अदलाबदल झाली, तर तो ९ येतो. म्हणजे हातानं नंबर टाकताना चूक झाली की यंत्राला लगेच कळतं.

आता वेळ. पूर्वी पोस्टमनच्या कागदावर सही घेत. सही कोणाची ते कळायचं, पण किती वाजता झाली ते क्वचितच. अमेरिकेत यूपीएस कंपनीनं १९९१ मध्ये आपल्या चालकांच्या हातात पाटीएवढं यंत्र दिलं, तेव्हा सही थेट यंत्रात जाऊ लागली. आपल्याकडे स्पीड पोस्ट १ ऑगस्ट १९८६ ला सुरू झालं. आज पोस्टमनच्या हातात मोबाइलच असतो. सकाळी पाकीट त्याच्या नावावर चढतं, तेव्हा एक नोंद होते. दारात दुसरी : ‘मिळालं’ किंवा ‘मिळालं नाही’. मिळालं नाही, तर कारण निवडावं लागतं. घर बंद, पत्ता अपुरा, घेण्यास नकार, अशी ती ठरलेली कारणं.

इथं एक बारकावा लक्षात ठेवा. यंत्र बटवड्याची वेळ लिहीत नाही, बटण दाबल्याची वेळ लिहितं. या दोन वेळा एक असतील, तरच नोंद खरी. आणि तिसरीही एक वेळ असते. रेंज नसली तर बऱ्याच यंत्रांत नोंद साठून राहते आणि रेंज आल्यावर वर जाते. पाकीट सकाळी ११ ला हातात पडलं, पण संगणकाला कळलं दुपारी ४ ला. तपासताना यातली कोणती वेळ पाहतोय, हे आधी विचारायला हवं.

याचं महत्त्व कधी कळतं? समजा, मुलाखतीचं पत्र आलं. आई दिवसभर घरात होती, तरी नोंद ‘घर बंद’. पत्र दोन दिवसांनी मिळालं, मुलाखत होऊन गेली. आता त्या घरानं कितीही सांगितलं, तरी कागदावर दार बंदच होतं! न्यायालयाच्या नोटिशीचं तर विचारूच नका. तिथं मुदत दिवस मोजून चालते.

पण दुसरी बाजूही बघू. बटवडा करणाऱ्याच्या पिशवीत ढीगभर पाकिटं असतात, वर वेळेचा तगादा. संध्याकाळी आकडा पुरा दिसावा म्हणून कोणी आधीच ‘मिळालं’ दाबतो, कोणी न जाताच ‘घर बंद’. चूक ती चूकच. मात्र जो माणूस खरोखर उन्हात वस्तीपर्यंत जाऊन परत आला, त्याच्या बाजूनं बोलणारी हीच नोंद असते. खोट्या नोंदींमुळे त्याच्या खऱ्या नोंदीवरचाही विश्वास उडतो.

मग आपण काय करायचं? महत्त्वाचं पत्र यायचं असेल, तर नंबर आधी मागून घ्यायचा. पत्त्यावर वस्तीचं नाव आणि चालू मोबाइल नंबर लिहायला सांगायचं. स्पीड पोस्टला १ ऑक्टोबर २०२५ पासून जादा शुल्क भरून ओटीपीची सोय घेता येते. पण ओटीपी पाकीट हातात आल्यावरच सांगायचा, फोनवर आधी नाही. चुकीची नोंद दिसली, तर त्याच दिवशी नंबर आणि वेळ लिहून तक्रार द्यायची. उशीर झाला की आठवण पुसट होते, यंत्रातली नोंद मात्र तशीच राहते.

थोडक्यात, यंत्राला दार दिसत नाही. ते दारात उभ्या असलेल्या माणसाला दिसतं. बटण तिथंच आणि तेव्हाच दाबलं जावं, एवढंच आपलं मागणं. आता तुमचे प्रश्न घेऊ.