मुलांना सुगी शिकवा : आधी चित्रफीत, मग बांध



माघ-फाल्गुनात इंदापूर तालुक्यातील निरवांगीसारख्या नीराकाठच्या गावात फेरफटका मारला, तर एकाच शिवारात दोन सुग्या दिसतात. एकीकडे शाळूची ताटे उपटून पेंढ्या बांधण्याचे काम चालू असते, तर दुसरीकडे ऊसतोडणीची टोळी फडात उतरलेली असते. ही दोन्ही कामे आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर चालतात. तरीही चौथी-पाचवीतील आपल्याच मुलाला विचारून पाहा, "शाळू काढायला आला हे कशावरून ओळखायचे?" पुष्कळ वेळा उत्तर मिळत नाही.

यात मुलाचा दोष नाही. पूर्वी खळे घरातल्या सर्वांचे असे. कणसे खुडणे, पात धरणे, उफणणी करणे, राखणीला माळ्यावर बसून गोफण फिरवणे, या कामांतून मुले न शिकवता शिकत. आता मळणी यंत्राने काही तासांत काम उरकते, ऊस टोळी तोडून नेते आणि मुले शाळेत व शिकवणीला असतात. मुलांनी शाळेत असावे, हे योग्यच आहे. परंतु त्यामुळे शेतीचे जे ज्ञान अंगवळणी पडत होते, ते आता मुद्दाम द्यावे लागणार आहे. घरोघरी असलेला मोबाईल आणि शाळेतील दूरदर्शन संच या कामी चांगला उपयोगी पडतो. मात्र तो कसा वापरावा, हे समजून घेणे आवश्यक आहे.

चित्रफितीने काय साधते?

जे डोळ्यांना सहज दिसत नाही, ते दाखवणे हे चित्रफितीचे खरे काम आहे. ते चार प्रकारे होते.

१) सावकाश घडणारी गोष्ट लवकर दिसते. हरभऱ्याचा दाणा फुगून त्याला मोड येण्यास काही दिवस लागतात. ठरावीक अंतराने घेतलेली छायाचित्रे जोडली, की हे सारे एका मिनिटात पाहता येते.

२) बारीक गोष्ट मोठी दिसते. ढालकिडा मावा कसा खातो, मधमाशीच्या मागच्या पायाला परागकण कसे चिकटतात, हे मुलाला पडद्यावर स्पष्ट दिसते.

३) लांबची गोष्ट जवळ येते. मावळातील भाताची कापणी किंवा कोकणातील आंब्याची उतरणी निरवांगीच्या मुलाने पाहिलेली नसते. नीरा डाव्या कालव्याला पाणी देणारे भोर तालुक्यातील भाटघर धरणही बहुतेकांनी पाहिलेले नसते.

४) जेथे मुलांना नेणे धोक्याचे आहे, तेथील काम दिसते. मळणी यंत्राच्या आत कणीस कसे भरडले जाते, कारखान्यात उसाचा रस कसा निघतो, या गोष्टी चित्रातच पाहणे चांगले.

परंतु पडद्यावर पेंढीचे वजन कळत नाही, धसकट पायाला टोचत नाही आणि ओल्या व वाळलेल्या कडब्याच्या वासातला फरक समजत नाही. पीक चार महिने वाट पाहायला लावते, हेसुद्धा पडद्यावर उमगत नाही. म्हणून चित्रफीत ही बांधावर जाण्याची तयारी समजावी. तिने बांधाची जागा घेऊ नये.

आजवरचा अनुभव

चित्रातून शेती शिकवण्याचा विचार आपल्या देशात नवा नाही. दूरदर्शनवर 'कृषी दर्शन' हा कार्यक्रम २६ जानेवारी १९६७ रोजी सुरू झाला. मुंबई केंद्राचा 'आमची माती, आमची माणसं' हा कार्यक्रम तर घराघरांत पाहिला जाई. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचा प्रयोग झाला. त्यात सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी शेती, आरोग्य आदी विषयांवर कार्यक्रम असत. महाराष्ट्रात मुलांच्या शैक्षणिक चित्रफिती तयार करण्यासाठी पुण्यात १९८४ साली 'बालचित्रवाणी' ही संस्था सुरू झाली. २०१७ साली ती बंद पडली. करोनाच्या काळात शाळा बंद असताना जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका दाखवली गेली. घरात आणि परिसरात मुलांना करता येतील अशा कृतींवर तिचा भर होता.

या वाटचालीतून घेण्याजोगा धडा साधा आहे. चित्र पाहिल्यावर मुलाने हाताने काही केले आणि कोणी जाणत्याने त्याच्याशी चार शब्द बोलले, तरच पाहिलेले टिकते. पडद्यासमोर मुलाला एकटे बसवले, तर ती केवळ करमणूक ठरते. तो जाणता माणूस शिक्षकच असला पाहिजे असे नाही. शेताबद्दल तुमच्याइतके जाणणारे दुसरे कोण आहे?

शाळूचा धडा : एक नमुना

आपल्याकडे शाळूची पेरणी साधारणपणे १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात होते. मालदांडी ३५-१ हा जुना वाण सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथील निवडीतून आलेला आहे, हेही मुलांना सांगावे. या पिकावर मुलांच्या पाच शेतभेटी ठेवाव्यात.

पहिली भेट, उगवण : मुलाने दहा दाणे स्वतःच्या हाताने टोकावेत, खुणेची काडी रोवावी आणि दर दोन दिवसांनी त्याच जागेवरून मोबाईलवर एक छायाचित्र घ्यावे. महिनाभराने ती छायाचित्रे ओळीने पाहिली, की मुलाची स्वतःची चित्रफीत तयार होते.

दुसरी भेट, फुलोरा : कणीस निसवल्यावर फुले वरून खाली उमलत जातात. याच काळात सकाळी कणसावर मधमाश्या परागकण गोळा करताना दिसतात. आधी मधमाशीची चित्रफीत दाखवावी आणि मग शेतात दहा मिनिटे गप्प उभे राहून मोजणी करावी.

तिसरी भेट, दूध आणि हुरडा : दाणा नखाने दाबून पाहावा. प्रथम पांढरे दूध निघते, पुढे दाणा मऊ आणि गोड लागतो. हाच हुरडा. हुरड्याची सहल मुलांना आवडतेच, तेव्हा खाताना एवढे जरूर सांगावे की, ही गोडी म्हणजे दाण्यातली साखर असून पुढे तिचेच पिठूळ द्रव्य होते.

चौथी भेट, पक्वता : फुलोऱ्यानंतर सुमारे ३५ ते ४० दिवसांनी दाणा टणक होतो आणि त्याच्या खालच्या टोकाला काळा ठिपका दिसू लागतो. ताटाकडून दाण्यात अन्न येणे थांबले, याची ही खूण आहे. भिंग असेल तर भिंगातून, नसेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्यातून मुलाला हा ठिपका दाखवावा. लेखाच्या सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर या ठिपक्यात आहे आणि ते मुलाने स्वतः शोधले, तर तो जन्मभर विसरत नाही.

पाचवी भेट, काढणी आणि साठवण : एका कणसाचे दाणे काढून वजन करावे. त्यातले १०० दाणे मोजून त्यांचे वेगळे वजन घ्यावे. मालदांडीचे १०० दाणे साधारण ३ ते ३.५ ग्रॅम भरतात. त्यावरून कणसात किती दाणे आहेत, हे मुलाने त्रैराशिकाने काढावे. एका दाण्यातून किती दाणे मिळाले, हे गणित पुस्तकातल्या गणितापेक्षा गोड वाटते. शेवटी ओलावा १० ते १२ टक्क्यांपर्यंत उतरेपर्यंत धान्य का वाळवायचे, दात लावून पाहण्याची आजीची पद्धत काय सांगते, हे समजवावे. आजीलाच बोलते करून मोबाईलवर चित्रित केले, तर गावाच्या शाळेला एक उत्तम चित्रफीत मिळेल.

उसाच्या फडातील धडा

उसाबाबत एक सोपा प्रयोग आहे. तोडणीयोग्य उसाचे बुडखा, मधला भाग आणि शेंडा असे तीन तुकडे मुलाला चाखायला द्यावेत. कोवळ्या उसात बुडखा गोड आणि शेंडा पाणचट लागतो. ऊस पक्व होत जातो, तसा हा फरक कमी होतो. साखर बुडख्याकडे आधी साठते, म्हणूनच ऊस जमिनीलगत तोडावा असे आपण सांगतो. तोडलेला ऊस लवकर गाळपास का न्यायचा, वाढे जनावरांना कसे उपयोगी पडते, पाचट न जाळता सरीत ठेवल्याने खोडव्याला काय लाभ होतो, हे ओघाने सांगता येते.

याच फडात आणखी काही मुले असतात, त्यांचा विसर पडू नये. बीड आणि इतर जिल्ह्यांतून आलेल्या तोडणी मजुरांची मुले कोपीत राहतात. मोळी कशी बांधायची, वाढे कसे वेगळे करायचे, हे त्यांना आपल्या मुलांपेक्षा अधिक कळते. परंतु दिवाळीनंतर त्यांची शाळा सुटते आणि हंगाम संपेपर्यंत ती शाळेबाहेर राहतात. एका मुलाला सुगी दिसत नाही आणि दुसऱ्याला सुगीशिवाय काही दिसत नाही, अशी ही स्थिती आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या बालकाला वर्षाच्या मध्यावरही शाळेत प्रवेश मिळतो आणि वयाचा दाखला नाही म्हणून तो नाकारता येत नाही. आपल्या फडात टोळी आली, की मुकादमाला व मुख्याध्यापकांना एकदा भेटावे आणि या मुलांची नावे शाळेत घालण्यास सांगावे. चित्रफीत दाखवताना त्यांनाही बोलवावे. पाहून झाल्यावर, "चित्रात काय चुकले?" असा प्रश्न त्यांना विचारावा. ती उत्तम उत्तरे देतील आणि आपल्या मुलांना त्यांच्याविषयी आदर वाटेल.

पिकापलीकडचे शिवार

काढणी झाली म्हणजे शेत रिकामे झाले असे नाही. नांगराच्या मागे बगळे आणि साळुंक्या किडे टिपत चालतात. रात्री घुबड उंदीर मारते. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे घरटे लोंबत असते. ते विणण्याचे काम नर करतो, हे ऐकून मुलांना नवल वाटते. इंदापूर तालुक्यातच कडबनवाडीच्या गवताळ माळावर चिंकारा हरिणे आहेत आणि उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. परदेशी जंगलातील वाघ-सिंहांच्या चित्रफितींइतकेच हे आपल्या तालुक्याचे वैभव मुलांना दाखवावे. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे त्यातून आपोआप कळते.

चित्रफीत निवडताना आणि दाखवताना

१) लांबी पाच ते दहा मिनिटांची असावी. एका वेळी एकच विषय घ्यावा.

२) शक्यतो आपल्या भागातील पीक आणि आपली भाषा असावी. परदेशातील अवजड कापणी यंत्रे जरूर दाखवावीत, पण आधी आपला विळा आणि आपले खळे दाखवावे.

३) चित्रफीत आधी स्वतः पाहावी. एखाद्या औषधाची किंवा बियाण्याची जाहिरात ज्ञान म्हणून दाखवलेली असते, ती वगळावी.

४) पाहण्यापूर्वी एक प्रश्न द्यावा. पाहताना एक-दोनदा थांबवून, "आता पुढे काय होईल?" असे विचारावे. त्याच आठवड्यात शेतावर जावे.

५) दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसातून एक तासापेक्षा अधिक वेळ पडद्यासमोर बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सुचवले आहे. त्याहून लहान बाळाच्या हाती मोबाईल देऊच नये.

शेतावर नेताना घ्यावयाची काळजी

चालू मळणी यंत्र, ट्रॅक्टरचा मडगार्ड, उघडी विहीर आणि शेततळे यांपासून मुलांना दूर ठेवावे. मळणीच्या वेळी सैल कपडे व ओढण्या नसाव्यात. फवारणी झालेल्या शेतात मुलांना नेऊ नये आणि औषधांचे रिकामे डबे त्यांच्या हाती लागू देऊ नयेत. कोयता किंवा विळा चालवणे हा या धड्याचा भाग नाही. मुलाने पाहावे, मोजावे, चाखावे, लिहावे आणि प्रश्न विचारावेत. मुलाला शेत समजावे म्हणून हा खटाटोप आहे, मजुरी वाचावी म्हणून नव्हे.

शेवटी एवढेच

आपले मूल पुढे शेती करील की नोकरी, हे आज सांगता येत नाही. परंतु ते शेतात राहिले तर जाणता शेतकरी व्हावे आणि बाहेर गेले तर ताटातल्या भाकरीमागचे चार महिने त्याला ठाऊक असावेत, एवढी अपेक्षा रास्त आहे. बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र आपल्यापासून फार दूर नाही. शाळेची एक सहल तिकडे काढण्याविषयी शिक्षकांशी बोलावे. मात्र सुरुवात आपल्याच बांधावरून करावी. येत्या सुगीत एक दिवस ठरवा, मुलाला बरोबर घ्या आणि शाळूच्या दाण्यावरचा काळा ठिपका त्यालाच शोधू द्या.