व्याख्यान तिसरे : नियम, विवेक आणि हाताची शीर

मंडळी, मागच्या दोन व्याख्यानांत आपण नियम आणि विवेक यांच्या नात्याविषयी बोललो. आज तोच प्रश्न डायलिसिसच्या रुग्णाच्या हातावर ठेवून पाहू. आम्ही वैद्यकाचे नाही, तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. पण एका जुन्या मित्राच्या आजारपणात हा विषय आम्हांला शिकावा लागला.

आधी अडचण काय ते समजून घेऊ. डायलिसिसच्या यंत्राला मिनिटाला साधारण ३०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त लागतं. बहुधा आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. हाताची साधी शीर एवढं रक्त देऊ शकत नाही. धमनीत रक्त भरपूर, पण ती खोल, आणि पुन्हा पुन्हा टोचणं धोक्याचं. १९६० मध्ये सिअ‍ॅटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी धमनी आणि शीर टेफ्लॉनच्या नळीने शरीराबाहेर जोडून ठेवली आणि दीर्घकाळ डायलिसिस शक्य झालं. न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो आणि सहकाऱ्यांनी ही जोडणी मनगटापाशी त्वचेखालीच केली आणि १९६६ मध्ये ती प्रसिद्ध केली. धमनीच्या दाबाने शीर फुगते, तिची भिंत जाड होते, आणि मग तिच्यात सुया घालता येतात. हा झाला फिस्टुला.

आज वाटा मुख्यतः तीन. फिस्टुला आपल्याच रक्तवाहिन्यांचा, त्यामुळे जंतुसंसर्ग कमी आणि टिकतोही जास्त. मात्र तयार व्हायला दीड-दोन महिने, कधी त्याहून अधिक लागतात, आणि काही फिस्टुला तयारच होत नाहीत. दुसरा ग्राफ्ट, म्हणजे त्वचेखालची कृत्रिम नळी. ती बहुधा दोन-तीन आठवड्यांत वापरता येते, पण तिच्यात गुठळी लवकर होते. तिसरा कॅथेटर, गळ्याच्या मोठ्या शिरेतून घातलेली नळी. ती लगेच कामाला येते. पण संसर्ग थेट रक्तात जाण्याचा धोका सर्वांत मोठा, आणि छातीतल्या मोठ्या शिरा अरुंद होण्याची भीतीही असतेच.

म्हणून बरीच वर्षं नियम होता, 'आधी फिस्टुला'. नियम चांगलाच आहे. पण शिराच खराब असतील तर?

खराब म्हणजे काय? शीर दोन-अडीच मिलिमीटरहूनही बारीक असते, किंवा सलाइनच्या सुयांनी आतून बुजलेली असते. मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं. डॉपलर सोनोग्राफीने याचा नकाशा काढतात. मनगटाला जमत नसेल तर कोपरापाशी पाहतात. तिथली खोल शीर वर आणून बसवता येते. धमनी चांगली पण शीर नाही, तर ग्राफ्टचा विचार होतो. हृदय फार दुबळं असेल तर मात्र फिस्टुलाचा वाढीव प्रवाह त्याला पेलत नाही. कधी हाताचं रक्त फिस्टुलाकडे वळून बोटं गार पडतात, दुखतात. अशा वेळी कॅथेटर, किंवा पोटाचं डायलिसिस, हेही रास्त उत्तर असू शकतं.

आमचा मित्र चौऱ्याहत्तर वर्षांचा, मधुमेही, हृदय अशक्त. मनगटाचा फिस्टुला चालला नाही. मागच्या आजारपणात त्याच डाव्या हाताला सलाइनच्या सुया टोचून टोचून शिरा गेल्या होत्या. हा हात जपायला हवा, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. डॉक्टर कॅथेटरच ठेवू म्हणाले, तेव्हा आम्ही वाद घातला. चार लेख वाचून गेलो होतो ना! मित्र म्हणाला, "अरे, तू नियमाशी बोलतोयस. जरा माझ्याशी बोल." त्याला आणखी दोन शस्त्रक्रिया नको होत्या. नातवंडांत बसायला हवं होतं. संसर्गाचा धोका त्याने समजून, विचारून पत्करला होता.

अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, वैद्य 'माणूस' बरा करत नाही, तो अमुक एका माणसाला बरा करतो. हे आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं, आणि मित्राच्या खाटेपाशी विसरलो. अमेरिकेतल्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही रुग्णाच्या आयुष्याची आखणी आधी आणि मार्गाची निवड नंतर, असा क्रम धरला आहे. म्हणजे नियम मोडला का? नाही. नियम कशासाठी होता, ते आठवलं.

घरी कुणाची किडनी कमजोर असेल तर एवढं करा. कमी वापराचा हात आजपासून जपा. रक्त काढायचं असेल तर शक्यतो पंजाच्या मागच्या शिरेतून काढा, असं सिस्टरांना सांगा. डायलिसिस जवळ येण्याआधीच डॉपलरविषयी विचारा. आणि डॉक्टरांना 'सर्वांत चांगलं काय' याबरोबर 'यांच्यासाठी चांगलं काय, आणि ते बंद पडलं तर पुढे काय' हेही विचारा. विचारताना रुग्णाला खोलीबाहेर बसवू नका.

पुढच्या वेळी संमती या कल्पनेकडे वळू.